केसाळ गिफ्रेचा बाप कोण होता?

बार्सिलोनाचा काउंट, म्हणजे तिथला सत्ताधारी सरदार, गिफ्रे ११ ऑगस्ट ८९७ रोजी लढाईतल्या जखमेने मरण पावला. ईशान्य स्पेनमधल्या कातालुन्यात त्याला ‘एल पिलोस’, म्हणजे केसाळ, या टोपणनावाने ओळखतात आणि तिथल्या शाळकरी पोरांनाही तो ठाऊक असतो. त्याच्यामागे त्याचा मुलगा, मग नातू, मग पणतू, अशी पुरुषाकडून पुरुषाकडे जाणारी परंपरा बार्सिलोनाच्या गादीवर १४१० पर्यंत टिकली. पाचशेहून अधिक वर्षे एकच घराणे एका गादीवर राहणे ही युरोपातही नित्याची गोष्ट नव्हे. अशा घराण्याला मूळपुरुष लागतो आणि मूळपुरुषाला जन्मकथा लागते. गिफ्रेची जन्मकथा त्याच्या मृत्यूनंतर पावणेतीनशे वर्षांनी, त्याने स्वतः स्थापन केलेल्या मठातल्या भिक्षूंनी लिहिली. तीत त्याचा बाप चुकीचा आहे, सासरा चुकीचा आहे आणि गादी मिळण्याचे कारणही चुकीचे आहे.

मला वंशावळी वाचण्याचा जुना नाद आहे. नावे, लग्ने आणि मृत्यूच्या तारखा यांच्या त्या कोरड्या याद्यांत बहुतेकांना रस वाटत नाही. मला मात्र त्यात कुणी कुणाला गाळले आणि कुणाला आत घुसवले हे शोधायला आवडते. बार्सिलोनाच्या काउंटांची वंशावळ त्या दृष्टीने फार समृद्ध आहे, कारण तिची बनावट आवृत्ती आणि मूळ कागद असे दोन्ही आपल्यापाशी आहेत.

आधी बनावट आवृत्ती पाहू. पिरेनीज डोंगरांच्या पायथ्याशी रिपोल नावाचा बेनेडिक्टाइन मठ आहे. तिथल्या भिक्षूंनी साधारण ११६२ ते ११८४ या काळात बार्सिलोनाच्या काउंटांचा इतिहास लॅटिनमध्ये लिहिला. ‘गेस्ता कोमितुम बार्चिनोनेन्सियुम’ या नावाने तो ओळखला जातो. त्याची सुरुवात आरिया गावच्या एका सरदारापासून होते. आरिया हे कोनफ्लेंत प्रदेशात, तेत नदीच्या काठी, प्रादाजवळचे लहानसे गाव असून आज ते फ्रान्समध्ये आहे. या सरदाराचे नावही गिफ्रेच. फ्रँकांच्या (आजचा फ्रान्स त्या वेळी त्यांच्या ताब्यात होता) राजाने त्याला बार्सिलोनाची काउंटी दिली होती. पुढे एकदा आपल्या लहान मुलाला बरोबर घेऊन तो राजाच्या माणसांना भेटायला गेला असताना एका फ्रँक सरदाराने भांडणात त्याची दाढी ओढली. गिफ्रेने तलवार उपसून त्याला तिथेच ठार केले. त्याला पकडून राजाकडे नेत असताना वाटेत पुन्हा झटापट झाली आणि तीत तो मारला गेला.

पोरका झालेला मुलगा राजापुढे उभा करण्यात आला. राजाने त्याला वाढवण्यासाठी फ्लँडर्सच्या काउंटकडे सोपवले. तिथे तो वयात आला आणि काउंटच्या मुलीला त्याच्यापासून दिवस गेले. मुलीच्या आईने गवगवा न करता त्याच्याकडून शपथ घेतली, की बापाची गादी परत मिळाली तर तो या मुलीशी लग्न करील, आणि यात्रेकरूच्या वेषात त्याला बार्सिलोनाला पाठवून दिले. तिथे त्याच्या आईने त्याला ओळखले, कारण इतरांना जिथे केस नसतात अशा जागी याच्या अंगावर केस होते. ती जागा कोणती हे भिक्षूंनी सांगितलेले नाही; तळपाय हा नंतरच्या लोकांचा तर्क आहे. मग जुने सरदार जमले आणि गिफ्रेने त्या वेळी काउंट असलेल्या सालोमोनला स्वतःच्या तलवारीने ठार करून गादी घेतली, दिलेल्या शब्दाप्रमाणे लग्न केले आणि राजाशी सलोखाही केला. तो राजाच्या दरबारी असताना मुसलमानांनी त्याच्या मुलखावर स्वारी केल्याची बातमी आली. राजाला मदत पाठवणे जमण्यासारखे नव्हते. तेव्हा असे ठरले, की गिफ्रेने स्वबळावर शत्रूला हाकलले, तर ती काउंटी कायमची त्याची आणि त्याच्या वंशजांची व्हावी. गिफ्रेने ते करून दाखवले.

कथा म्हणून ही फार चांगली रचलेली आहे. अपमान, पोरकेपण, परदेशी वाढणे, गुप्त शपथ, आईने खूण पटवणे, सूड आणि शेवटी हक्काने मिळालेले राज्य, असा सगळा ऐवज तीत आहे. वंशावळ तपासताना इतकी घाटदार कथा आली, की मी तरी आधी कागद मागतो.

कागद वेगळेच सांगतात. गिफ्रे आणि त्याच्या भावंडांची दानपत्रे व समकालीन नोंदी यांवरून त्याच्या वडिलांचे नाव सुनिफ्रेद आणि आईचे नाव एर्मेसेंदा होते हे ठरते. सुनिफ्रेद हा कुणी खेड्यातला सरदार नव्हता. फ्रँक राजा धर्मनिष्ठ लुई याच्या काळात, ८३० च्या दशकात, तो पिरेनीजमधल्या उर्जेल आणि सेर्दान्याचा काउंट झाला. ८४४ मध्ये सेप्टिमानियाच्या (आजचा दक्षिण फ्रान्स) बेर्नार्दला पुढचा राजा टकल्या चार्ल्स याने राजद्रोहाबद्दल देहदंड दिल्यावर बार्सिलोना, झिरोना आणि पलीकडचे नारबोनही सुनिफ्रेदच्या हाती आले. ८४८ मध्ये बेर्नार्दचा मुलगा गियेम याने बार्सिलोना बळकावले आणि सुनिफ्रेदचे नाव त्याच सुमारास कागदांतून नाहीसे होते. त्यामागे खून असावा असे बऱ्याच अभ्यासकांना वाटते. गिफ्रे त्या वेळी लहान असणार. पुढे ८७० मध्ये राजाने त्याला उर्जेल आणि सेर्दान्या दिले. ८७८ मध्ये गोथियाच्या बेर्नार्दने (हा दुसराच बेर्नार्द) बंड केल्यावर तेव्हाचा राजा तोतऱ्या लुई याने त्रुआ येथील सभेत त्याच्या काउंटी काढून वाटून टाकल्या, तेव्हा बार्सिलोना आणि झिरोना गिफ्रेच्या वाट्याला आले. त्याचा भाऊ मिरो याला रुसिल्योन मिळाले.

म्हणजे बापाच्या अकाली मृत्यूची आणि वडिलोपार्जित गादी परत मिळाल्याची एक धूसर आठवण भिक्षूंच्या कथेत आहे. सालोमोनही खरा आहे. गिफ्रेच्या आधी उर्जेल आणि सेर्दान्याचा काउंट तोच होता. मात्र तो बार्सिलोनाचा काउंट नव्हता आणि गिफ्रेने त्याला मारल्याचा एकही समकालीन पुरावा नाही.

आता सर्वांत गमतीची गोष्ट. खरी वंशावळ बनावट वंशावळीपेक्षा जास्त मानाची होती. गिफ्रेचा खरा बाप सहा-सात काउंटींवर अधिकार चालवणारा मोठा मनुष्य होता. तो सोडून भिक्षूंनी त्याला आरियाच्या एका सरदाराच्या पोटी का घातले असावे? निव्वळ विस्मरण हे अर्धेच उत्तर आहे. पावणेतीनशे वर्षांत सुनिफ्रेदचे नाव पुसट झाले असेल, पण रिपोलच्या ग्रंथालयात जुनी दानपत्रे होती आणि भिक्षूंना ती वाचता येत होती. उरलेले अर्धे उत्तर ती कथा लिहिली गेली त्या काळात आहे. ११३७ मध्ये बार्सिलोनाचा काउंट चौथा रामोन बेरेंगेर याचा शेजारच्या आरागोन राज्याची वारस पेत्रोनिला हिच्याशी वाङ्निश्चय झाला आणि ११६४ मध्ये त्यांचा मुलगा आल्फोन्स हा राजा झाला. आता हे घराणे राजघराणे होते, पण कायद्याच्या भाषेत बार्सिलोनाची काउंटी अजूनही फ्रेंच राजाच्या अधिपत्याखालची समजली जात होती. खऱ्या वंशावळीत पदोपदी फ्रँक राजाचे नेमणूकपत्र येते: सुनिफ्रेदला राजाने नेमले, गिफ्रेला राजाने नेमले, आणि राजाने नेमलेल्या माणसाला राजा काढूही शकतो. बनावट वंशावळीत मात्र राजा संकटाच्या वेळी असमर्थ ठरतो, शब्द देतो आणि बाजूला होतो. काउंटी तलवारीच्या हक्काने घराण्याची होते. बाप लहान केल्याने वंश मोठा झाला, आणि आल्फोन्सच्या दरबाराला त्या वेळी नेमके हेच हवे होते.

फ्लँडर्सच्या मुलीचेही तसेच आहे. गिफ्रेच्या बायकोचे नाव कागदांत गिनिदिल्दा असे येते. फ्लँडर्सचा पहिला काउंट बोदुआँ याने टकल्या चार्ल्सची मुलगी जुदिथ हिला पळवून नेले होते आणि ते लग्न राजाने नाइलाजाने ८६३ मध्ये मान्य केले. गिनिदिल्दा ८७० च्या दशकातच गिफ्रेची पत्नी म्हणून दिसते. बोदुआँ आणि जुदिथची मुलगी त्या वेळी फार तर दहा-बारा वर्षांची झाली असती. तिला गिफ्रेपासून दिवस जाणे आणि तिच्या आईने त्याच्याकडून शपथ घेणे या हिशेबात बसत नाही. बाराव्या शतकात मात्र फ्लँडर्सचे घराणे युरोपात वजनदार होते, शिवाय जुदिथमार्फत फ्रँकांचा थोर सम्राट शार्लमेन याचे रक्त आपल्या अंगात असल्याचा दावा करता येत होता. राजाची नेमणूक नको, पण राजाचे रक्त हवे, अशी ही दुहेरी सोय होती.

बापाचा प्रश्न सुटला तरी आजोबाचा सुटत नाही, आणि इथे आधुनिक अभ्यासकांचाच वाद आहे. सुनिफ्रेदचा बाप कोण? विसाव्या शतकातले मोठे कातालान इतिहासकार रामोन दाबादाल यांनी मांडले, की तो कार्कासोनचा काउंट बेयो याचा मुलगा असावा. शार्लमेनच्या काळातला हा बेयो खरा ठरला, तर गिफ्रेचे घराणे, कार्कासोनचे घराणे आणि एम्पूरियेसचे घराणे ही तिन्ही एकाच झाडाच्या फांद्या होतात. दुसऱ्या मताप्रमाणे सुनिफ्रेद हा उर्जेल-ओसोनाचा काउंट बोरेल याचा मुलगा होता. दोन्ही बाजूंपाशी ‘अमुक हा तमुकाचा पुत्र’ असे निर्विवाद सांगणारा कागद नाही. मग वाद कशावर चालतो? मुख्यतः नावांवर. त्या काळी आडनावे नव्हती, पण घराण्यांपाशी ठरावीक नावांचा साठा असे आणि तो पिढ्यान्‌पिढ्या फिरवला जाई. गिफ्रेच्या घरात सुनिफ्रेद, मिरो, रादुल्फ, सुन्येर, बोरेल आणि ओलिबा ही नावे येतात. ओलिबा हे कार्कासोनच्या काउंटांचे नाव, सुन्येर हे एम्पूरियेसच्या काउंटाचे, आणि बोरेल हे ओसोनाच्या काउंटाचे. म्हणजे नावांचा पुरावा दोन्ही पक्षांच्या कामी येतो. त्यातही भर अशी, की नावे आईच्या बाजूनेही येतात आणि आयांच्या माहेरची माहिती सर्वांत तोकडी आहे. माझा कल बेयोच्या बाजूला आहे, कारण गिफ्रेच्या कुटुंबाने कार्कासोनजवळच्या ला ग्रास मठाला दाने दिली, आणि डोंगरापलीकडच्या मठाशी असे नाते सहसा घराण्याच्या मुळाशी जोडलेले असते. पण हा कलच. याला सिद्धांत म्हणता येणार नाही.

गिफ्रेच्या खाली आले, की जमीन भक्कम होते. त्याच्या मुलांपैकी दुसरा गिफ्रे ऊर्फ बोरेल आणि सुन्येर यांच्याकडे बार्सिलोना, झिरोना आणि ओसोना एकत्रितपणे आले, मिरोकडे सेर्दान्या आणि कोनफ्लेंत, तर सुनिफ्रेदकडे उर्जेल. रादुल्फला लहानपणीच रिपोलच्या मठाला वाहिले होते. तो पुढे उर्जेलचा बिशप झाला. एम्मा ही सांत जुआनच्या मठाची मठाध्यक्षा झाली. या मुलांनी बापाच्या काउंटी वाटून घेतल्या, तेव्हा फ्रँक राजाने कुणालाही नेमले नाही आणि कुणी त्याला विचारलेही नाही. वंशपरंपरेने गादी चालण्याची खरी सुरुवात हीच, आणि तिला ना पराक्रम लागला ना शपथ. राजसत्ता उत्तरेत दुबळी झाली होती आणि इथे बाप मेल्यावर मुलगे बसले, एवढेच घडले.

यातल्या दुसऱ्या गिफ्रेची एक शिळा मला फार प्रिय आहे. बार्सिलोनातल्या सांत पाउ देल काम्प या मठात ती १५९६ मध्ये सापडली. तिच्यावर लॅटिनमध्ये लिहिले आहे, की या ठिकाणी काउंट गिफ्रेचा देह आहे, तो सुकीर्ती काउंट गिफ्रेचा मुलगा, देव त्याला क्षमा करो. बाप आणि मुलगा यांचे नाते असे दगडात कोरून मिळणे म्हणजे वंशावळ लिहिणाऱ्याची दिवाळीच. पुढे मृत्यूची तिथी येते. मे महिन्याच्या कालेंदच्या (रोमन पद्धतीत महिन्याची पहिली तारीख) आधीचा सहावा दिवस, रोमन रीतीने दोन्ही टोके धरून, म्हणजे २६ एप्रिल. मग वर्ष तीन पद्धतींनी दिले आहे: हिस्पानिक संवत ९५२, प्रभूचे वर्ष ९१४, आणि फ्रँक राजा ओदोनंतर राज्य करणाऱ्या चार्ल्स राजाचे (हा वरचा टकल्या चार्ल्स नव्हे) चौदावे वर्ष. हिस्पानिक संवत आणि इसवी सन यांत अडतीस वर्षांचे अंतर आहे. आपण शकात अठ्ठ्याहत्तर मिळवतो तसे तिथे संवतातून अडतीस वजा करायचे. ९५२ मधून ३८ गेले की ९१४ राहतात, तेव्हा पहिली दोन वर्षे जुळतात. पण ओदो ८९८ च्या जानेवारीत मेला, आणि तिथून चार्ल्सचे चौदावे वर्ष मोजले की ९११ येते. एकाच दगडावर एकाच मृत्यूची दोन वर्षे! इतिहासकार ९११ मानतात, कारण त्या काळातले तिथले लेखनिक रोजच्या व्यवहारात फ्रँक राजाच्या राज्यवर्षानेच तारखा घालत आणि त्यात त्यांचा हात बसलेला होता. इतर कागदही ९११ लाच दुजोरा देतात. राजाचा हुकूम डोंगर ओलांडून येत नव्हता, पण तारीख मात्र त्याच्याच नावाने घातली जात होती. राजाच्या नेमणुकीशिवाय गादीवर बसलेल्या माणसाच्या थडग्यावरही राजाचेच वर्ष आहे.

एम्माकडे वळतो, कारण वंशावळीत तिच्यापुढे ‘मठाध्यक्षा, मृत्यू ९४२’ एवढेच लिहून लोक पुढे जातात आणि ते मला पटत नाही. ८८५ च्या सुमारास आईबापांनी तिला लहान मुलगी असताना सांत जुआनच्या मठाला दिले आणि तिच्याबरोबर मोठी जमीनही दिली. ती मोठी झाल्यावर तिने त्या जमिनीचा एकेक तुकडा विकत घेऊन, बदलून किंवा खटला लढवून जोडला. ९१३ मध्ये सांत जुआनच्या दरीच्या मालकीचा प्रश्न आला, तेव्हा तिने दरीतल्या सुमारे पाचशे रहिवाशांना साक्षीला उभे केले. त्यांची नावे गावागावाने लिहिलेली आहेत आणि त्यांत बायकाही पुष्कळ आहेत. सगळ्यांनी शपथेवर सांगितले, की ही दरी ओसाड होती, काउंट गिफ्रेने ती ताब्यात घेऊन आम्हाला वसवले आणि मग ती आपल्या मुलीसह मठाला दिली. दरी खरोखर ओसाड होती का, याबद्दल आजच्या अभ्यासकांना शंका आहे. कारण ओसाड जमिनीवरचा हक्क सर्वांत निर्वेध ठरतो आणि एम्माला तेच हवे होते. पण दहाव्या शतकातल्या पाचशे साध्या शेतकरी स्त्रीपुरुषांची नावे एका कागदावर मिळणे ही युरोपातही दुर्मीळ गोष्ट आहे. काउंटांची वंशावळ शोधायला जावे आणि त्यांच्या जमिनी कसणाऱ्या कुळांची यादी हाती यावी, असा हा प्रकार आहे.

सेर्दान्याची शाखा मला मुख्य शाखेपेक्षा अधिक रंगतदार वाटते. मिरोचा मुलगा ओलिबा काब्रेता आणि त्याचे मुलगे बेर्नात ताल्याफेरो, गिफ्रे आणि ओलिबा. या धाकट्या ओलिबाने आपल्या वाट्याची काउंटी सोडून भिक्षूची वस्त्रे घेतली. १००८ मध्ये तो रिपोल आणि कुइशा या दोन्ही मठांचा मठाधिपती झाला, १०१८ मध्ये विकचा बिशप, आणि मोंत्सेरातच्या प्रसिद्ध मठाची स्थापनाही त्याचीच. पणजोबाने बांधलेल्या रिपोलला त्याने नवे भव्य चर्च दिले. ते १०३२ मध्ये अर्पण झाले. त्याचा भाऊ सेर्दान्याचा गिफ्रे याने मात्र आपल्या दहा वर्षांच्या मुलासाठी नारबोनचे आर्चबिशपपद चक्क विकत घेतले. किंमत होती एक लाख सोलिदी, म्हणजे त्या काळचे चलन. हा आकडा आपल्याला ठाऊक आहे तो नारबोनच्या व्हायकाउंटने पुढे पोपच्या प्रतिनिधींपुढे केलेल्या तक्रारीमुळे, कारण विकत घेतलेला आर्चबिशप मोठा झाल्यावर त्याच्यावरच उलटला होता. विकणारा तक्रार करतो आणि खरेदीची रक्कम इतिहासाला कळते, हे मला भारी वाटते.

तिसरा भाऊ बेर्नात ताल्याफेरो याने १०१७ मध्ये पोपकडून आज्ञापत्र मिळवून एम्माचा तो सांत जुआनचा मठच बंद करवला. आरोप असा, की तिथल्या जोगिणी दुर्वर्तनी आहेत. तिथली मठाध्यक्षा होती इंजिलबेर्गा, आणि ती या भावांची सावत्र बहीण, ओलिबा काब्रेताची अनौरस मुलगी. मठाच्या जमिनी बेर्नातला बेसालू येथे काढायच्या नव्या बिशपपदासाठी उपयोगी होत्या आणि त्या पदावर त्याचा स्वतःचा मुलगा बसला. आरोपांवर किती विश्वास ठेवायचा ते वाचकाने ठरवावे. मी जमिनीच्या बाजूने वाचतो. घराबाहेर काढलेल्या इंजिलबेर्गाला पुढे विकला आसरा मिळाला, बिशप असलेल्या भावाजवळ, ओलिबापाशी.

मुख्य शाखेतली नावे एकापाठोपाठ येतात: सुन्येर, त्याचा मुलगा दुसरा बोरेल, ज्याच्या काळात ९८५ मध्ये कोर्दोबाच्या मुसलमानी राज्याचा सेनापती अल-मन्सूर याने बार्सिलोना लुटले आणि फ्रँक राजाकडून मदत न आल्यामुळे ज्याने ९८८ मध्ये नव्या राजाला निष्ठेची शपथ देण्याचे टाळले, मग रामोन बोरेल, बेरेंगेर रामोन आणि पहिला रामोन बेरेंगेर. भिक्षूंच्या कथेतले ‘राजाने मदत केली नाही म्हणून आम्ही स्वतंत्र’ हे कलम खरे तर बोरेलच्या काळातले. ते शंभर वर्षे मागे नेऊन गिफ्रेच्या नावावर चढवले गेले, असे मला वाटते. पहिल्या रामोन बेरेंगेरची बायको आल्मोदिस हिचा १०७१ मध्ये तिच्या सावत्र मुलाने खून केला. तिचे मुलगे बापामागे एकत्र काउंट झाले. त्यांतला रामोन १०८२ मध्ये मारला गेला आणि ठपका भावावर, बेरेंगेरवर, आला. त्या वेळी रामोनचा मुलगा महिन्याभराचाही नव्हता. तोच तिसरा रामोन बेरेंगेर. त्याची पहिली बायको कास्टीलचा प्रसिद्ध योद्धा एल सिद याची मुलगी, आणि त्याच्याच हयातीत बेसालू व सेर्दान्याच्या शाखा निपुत्रिक होऊन त्यांचे मुलूख अनुक्रमे ११११ आणि १११७ मध्ये बार्सिलोनाकडे परत आले. पहिल्या गिफ्रेच्या मुलांनी वाटून घेतलेले पुष्कळसे अशा रीतीने पुन्हा एका हाती जमा झाले.

गिफ्रेला ठार करणाऱ्याचीही वंशावळ आहे आणि ती याच पठडीतली आहे. लुब्ब इब्न मुहम्मद हा बनू कासी घराण्यातला. हे मुसलमान घराणे आपला मूळपुरुष कासियुस नावाचा व्हिसिगोथ (अरबांच्या आधी स्पेनवर राज्य करणारे लोक) काउंट असल्याचे सांगे. त्याने अरब आल्यावर इस्लाम स्वीकारला अशी त्यांची परंपरा होती. त्यावरही इतिहासकारांना शंका आहेत. ८९७ मध्ये समोरासमोर आलेल्या या दोन माणसांपैकी एकाचा मूळपुरुष वंशजांनी नंतर रचला आणि दुसऱ्याचाही बहुधा तसाच.

बार्सिलोनाच्या घराण्याचे कुलचिन्ह असलेल्या, सोनेरी ढालीवरच्या चार तांबड्या पट्ट्यांची कथा एका परिच्छेदापेक्षा जास्त जागा घेण्याच्या लायकीची नाही. जखमी गिफ्रेच्या रक्तात बोटे बुडवून फ्रँक राजाने त्या पट्ट्या ओढल्या, असे १५५१ मध्ये बालेन्सियाच्या पेरे आंतोनी बेउतेर याने प्रथम लिहिले. ढालीवरची कुलचिन्हे बाराव्या शतकात रूढ झाली आणि या पट्ट्याही त्याच शतकात चौथ्या रामोन बेरेंगेरच्या मोहरेवर दिसतात. बनावट वंशावळीतून ज्या राजाला कष्टाने बाहेर काढले होते, तो इथे कुलचिन्हापुरता परत आला, एवढीच तिची गंमत.

रिपोलचे ग्रंथालय आणि दप्तर १८३५ च्या दंगलीत जळाले. गिफ्रेबद्दल आज जे सांगता येते ते बरेचसे त्याआधी केलेल्या नकलांमुळे. पिएर द मार्का यांनी जमवलेले आणि एत्येन बालुझ यांनी १६८८ मध्ये छापलेले दानपत्रांचे संकलन नसते, तर आरियाच्या सरदाराला आव्हान देणेही अवघड झाले असते.

पुरुषपरंपरा १४१० मध्ये संपली. राजा मार्टिनचा मुलगा आदल्याच वर्षी मेला होता आणि मागे राहिलेला नातू अनौरस होता. आरागोन, कातालुन्या आणि बालेन्सिया यांचे प्रत्येकी तीन असे नऊ पंच कास्पे येथे बसले आणि दावेदारांच्या वंशावळी त्यांच्यापुढे मांडल्या गेल्या. केवळ पुरुषांकडून मोजले तर उर्जेलचा काउंट जाउमे हा सर्वांत जवळचा. तो राजा आल्फोन्स दयाळूचा पणतू आणि म्हणून थेट गिफ्रेचा वंशज होता. कास्टीलचा फेर्दिनान्द हा मार्टिनचा भाचा, म्हणजे नाते जवळचे पण आईकडून. बाईमार्फत हक्क पुढे जातो की नाही, हा सगळा वाद होता. पैसा आणि फौजा अर्थातच फेर्दिनान्दच्या मागे होत्या. २८ जून १४१२ रोजी फेर्दिनान्दच्या नावाची घोषणा झाली. जाउमेने बंड केले, पुढच्याच वर्षी बालागेर येथे तो शरण आला आणि वीस वर्षे कैदेत काढून १४३३ मध्ये शातिवाच्या किल्ल्यात मेला. त्याच्या मुलीचे, इसाबेलचे, लग्न पोर्तुगालच्या राजपुत्र पेद्रोशी झाले होते आणि तिचा नातू म्हणजे पोर्तुगालचा राजा दुसरा जुआंव, ज्याच्या गलबतांनी १४८८ मध्ये आफ्रिकेला वळसा घातला. त्याच्यामागून आलेला मानुएल, ज्याच्या नावाने आल्बुकेर्कने १५१० मध्ये गोवा घेतले, तोही गिफ्रेचा वंशज आहे. तिथे जायला बार्सिलोनाच्या घराण्यातली दुसरी इसाबेल धरता येते, पोर्तुगालच्या दिनिश राजाची राणी, जिला १६२५ मध्ये संतपद मिळाले.